किरणोपचारानंतर २१ महिन्यांनी पीएसए ०.३४ वरून १.१२: ही वाढ कशी वाचावी?

मांजराकाठ (अंबाजोगाई)
२४ जानेवारी २०२५

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचारानंतरच्या पीएसए तपासणीविषयी (रक्तातील प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची तपासणी) जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अण्णांचे वय ७२ असून ते अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या गावी राहतात आणि शेती अजूनही स्वतः पाहतात. मी नोकरीनिमित्त लातूरला असतो. डिसेंबर २०२२ मध्ये लघवीच्या त्रासामुळे तपासणी केली, तेव्हा पीएसए १८.४ आला. बायोप्सीत ग्लीसन गुण (कर्करोग किती आक्रमक आहे याचे माप) ४ अधिक ३, म्हणजे ७, निघाला. हाडांच्या स्कॅनमध्ये आणि एमआरआयमध्ये आजार प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर गेल्याचे दिसले नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया न करता रेडिएशन द्यायचे ठरले. तीन महिने परिणाम टिकणारी पुरुषी हार्मोन रोखणारी दोन इंजेक्शने जानेवारी आणि एप्रिल २०२३ मध्ये दिली गेली, आणि रेडिएशनचा २० दिवसांचा शेक, एकूण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), एप्रिल २०२३ अखेर पूर्ण झाला.

त्यानंतरचे पीएसएचे आकडे असे आहेत: जुलै २०२३ मध्ये ०.१२, जानेवारी २०२४ मध्ये ०.१०, जुलै २०२४ मध्ये ०.३४ आणि परवा आलेला आकडा १.१२.

या वेळी लातूरच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत न येता अण्णांनी तालुक्याच्या ठिकाणी रक्त दिले, कारण तूर काढणीला आली होती आणि त्यांचा पाय शेतातून निघत नव्हता. अहवाल आणायला ते एकटेच गेले. तिथे बसणाऱ्या मुलाने त्यांच्या हातातला जुना कागद पाहून सांगितले की आकडा तिप्पट झाला आहे, आजार उलटलेला दिसतो. मी काल गावी गेलो तेव्हा अण्णांनी करदोट्याला बांधलेली किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. सात-बारा, फेरफार आणि सोसायटीचे कागद ज्या पत्र्याच्या पेटीत असतात, तिची ती किल्ली. ती त्यांनी आजवर कोणाच्याही हाती दिलेली नव्हती. दोन दिवसांपासून त्यांनी नीट जेवणही केलेले नाही.

आमच्याच गावातील एका गृहस्थांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते की पीएसए ०.२ च्या वर गेला तर आजार परतला असे समजायचे. त्या हिशोबाने अण्णांचा आकडा पाचपटीहून जास्त आहे. आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांची पुढची वेळ महिनाभराने आहे. तोपर्यंत थांबावे की उद्याच निघावे, हे कृपया कोणी सांगू शकेल का?


गोदाकाठ (नांदेड)
२४ जानेवारी २०२५

मांजराकाठ, सर्वप्रथम अण्णांना जेवायला सांगा. मी स्वतः याच आजाराचा रुग्ण आहे. २०१६ मध्ये माझे रेडिएशन झाले, त्याला आता आठ वर्षे उलटून गेली. मला हार्मोनची इंजेक्शने नव्हती, फक्त शेक होता. माझा पीएसए हळूहळू उतरत चौदाव्या महिन्यात ०.६ वर आला आणि विसाव्या महिन्यात अचानक १.५ झाला. त्या रात्री मी आणि माझी पत्नी दोघेही झोपलो नाही. डॉक्टरांनी मात्र शांतपणे सांगितले की तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. तीन महिन्यांनी १.३ आला, त्यानंतर ०.८, पुढच्या वर्षी ०.४, आणि गेली चार वर्षे तो ०.२ ते ०.३ च्या मध्येच आहे. त्या मधल्या चढाला डॉक्टर ‘बाउन्स’ म्हणतात. चेंडू जमिनीवर आदळून एकदा उसळतो आणि मग बसतो, तसे ते आहे. पण प्रत्येक चढ बाउन्सच असतो असे माझ्या अनुभवावरून कोणी समजू नये. तो बाउन्स होता हे मलाही वर्षभराने, आकडा पुन्हा खाली आल्यावरच कळले.

मी शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे पहिल्या अहवालापासून आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेत महिने आणि उभ्या रेषेत पीएसए मांडत आलो आहे. नवा अहवाल आला की आधी त्या कागदावर ठिपका देतो आणि मगच त्याच्याविषयी काही वाटून घेतो. सुटा आकडा हातात आला की मन तो फक्त मागच्या आकड्याशी ताडून पाहते आणि घाबरते. कागदावर १८.४ पासूनची सगळी उतरण डोळ्यांसमोर असली की १.१२ चा ठिपका कुठे आहे ते आपोआप दिसते. अण्णांना हा कागद तुम्ही बनवून द्या, आणि शक्य झाल्यास ठिपके त्यांच्याच हातून देऊन घ्या.


पूर्णाकाठ (परभणी)
२५ जानेवारी २०२५

माझ्या काकांचे रेडिएशन मुंबईला नुकतेच संपले आहे, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारतो. उपचार यशस्वी झाला असेल तर पीएसए शून्य का होत नाही? शस्त्रक्रिया झालेल्यांचा होतो असे ऐकले आहे.


तेरणा (धाराशिव)
२५ जानेवारी २०२५

मी रेडिएशन विभागात काम करणारा डॉक्टर आहे. अण्णांविषयीचा निर्णय त्यांना प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील, परंतु आकडे कसे वाचायचे हे सांगणे शक्य आहे, आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होते.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात असे एक प्रथिन आहे. ते निरोगी पेशीही बनवतात आणि कर्करोगाच्या पेशीही बनवतात. शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी काढून टाकली जाते, म्हणजे ते बनवणारा कारखानाच शिल्लक राहत नाही. रक्तातला पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो आणि काही आठवड्यांत मोजता येणार नाही इतका कमी होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ०.२ आणि त्याहून जास्त आकडा दोनदा आला तर तो परतलेल्या आजाराचा इशारा मानतात. किरणोपचारात ग्रंथी जागेवरच राहते. किरणांमुळे पेशींच्या डीएनएवर घाव पडतो, पण पेशी त्याच दिवशी मरत नाही. ती पुढे विभाजन करायला जाते तेव्हा मरते. प्रोस्टेटच्या पेशींचे विभाजन मंद असते, त्यामुळे घाव बसलेल्या पेशी कित्येक महिने जिवंत राहून पीएसए बनवत राहतात. शिवाय काही निरोगी पेशी कायमच्या टिकतात आणि थोडा पीएसए कायम देत राहतात. म्हणूनच रेडिएशननंतरचा पीएसए पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो आणि त्याला तळ गाठायला दीड ते दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्या सर्वांत कमी आकड्याला आम्ही ‘नेडिर’ म्हणतो, मराठीत नीचांक म्हणू. नीचांक ०.५ च्या खाली गेला तर ते चांगले लक्षण समजले जाते.

आता अण्णांच्या गावातील गृहस्थांचा ०.२. तो नियम शस्त्रक्रियेचा आहे आणि तो किरणोपचाराच्या रुग्णाला लावता येत नाही. रेडिएशननंतर आजार परतला असे केव्हा म्हणायचे यासाठी २००५ साली अमेरिकेत फिनिक्स येथे तज्ज्ञांची बैठक होऊन जी व्याख्या ठरली, तीच आज जगभर वापरली जाते: नीचांक अधिक २. अण्णांचा नीचांक ०.१० आहे, म्हणजे त्यांची रेषा २.१० ला येते आणि १.१२ हा आकडा त्या रेषेच्या बराच खाली आहे. त्याआधी १९९६ च्या बैठकीतील व्याख्येनुसार लागोपाठ तीन वाढी झाल्या की आजार परतला असे धरत. पण बाउन्समध्ये, आणि हार्मोनची इंजेक्शने थांबल्यानंतरही, पीएसए सलग वाढू शकतो, त्यामुळे बरे असलेले लोकही त्या व्याख्येत सापडत. ती बदलण्यामागे हे एक मोठे कारण होते.

अण्णांच्या बाबतीत या हार्मोनच्या मुद्द्याकडे कोणीच लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे प्रोस्टेटच्या पेशींचे खाद्य आहे. ते रोखणे हा या आजारावर उपचार ठरू शकतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. अण्णांना जी इंजेक्शने दिली ती टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतात, त्यामुळे ग्रंथीतील सगळ्याच पेशींचे पीएसए बनवणे मंदावते. जुलै २०२३ चा ०.१२ हा आकडा केवळ शेकाचा परिणाम नव्हता, त्यात इंजेक्शनाचा वाटा मोठा होता. दुसऱ्या इंजेक्शनाचा परिणाम साधारण जुलै २०२३ पर्यंत टिकला असेल. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन सावरायला काही महिने, वय जास्त असेल तर वर्षभरही लागू शकते. ते सावरू लागले की शिल्लक निरोगी पेशी पुन्हा पीएसए बनवू लागतात आणि आकडा काही काळ चढून मग एका पातळीवर स्थिर होतो. त्याच सुमारास, म्हणजे रेडिएशननंतर एक ते तीन वर्षांच्या दरम्यान, बाउन्सही होतो. ग्रंथीत सुया घालून दिलेल्या किरणोपचारानंतर आणि तरुण रुग्णांमध्ये तो अधिक दिसतो, पण बाहेरून दिलेल्या शेकानंतरही होतो.

म्हणून माझी सूचना अशी की उद्याच धावपळ करण्याची गरज नाही, पण महिनाभराने ठरलेली भेट चुकवूही नका. पुढच्या वेळी पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासून घ्या. टेस्टोस्टेरॉन सावरलेले असताना पीएसए १ च्या आसपास असणे आणि टेस्टोस्टेरॉन अजून तळाला असताना पीएसए वाढणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट खरोखर काळजीची आहे.


सिंदफणा (बीड)
२६ जानेवारी २०२५

मी १९ वर्षे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे. डॉक्टरसाहेबांनी आकड्याचा अर्थ सांगितला. तो आकडा तयार कसा होतो याविषयी मी थोडे सांगतो, कारण मांजराकाठ यांच्या पहिल्याच पोस्टमध्ये मला एक अडचण दिसते: जुलैचा नमुना लातूरचा आणि जानेवारीचा तालुक्याचा.

पीएसए मोजणारी यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि त्यांचे प्रमाण एकच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणावर बेतलेली यंत्रे जुन्या प्रमाणावरच्या यंत्रांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी आकडा दाखवतात. तेच रक्त दोन ठिकाणी दिले तरी एकीकडे ०.९ आणि दुसरीकडे १.१ येऊ शकते आणि दोन्ही प्रयोगशाळांनी आपापले काम चोख केलेले असते. तालुक्याच्या संकलन केंद्रात रक्त घेतले जाते, पण तपासणी बहुधा दुसऱ्या शहरात होते, आणि आज नमुना कोणत्या यंत्रावर गेला हे केंद्रातल्या माणसालाही ठाऊक नसते. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात तपासणीची पद्धत छापलेली असते. लातूरचा आणि तालुक्याचा असे दोन्ही कागद शेजारी ठेवून ती ओळ वाचा. पद्धती वेगळ्या असतील तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका. दोन वेगळ्या काट्यांवर तोललेल्या पोत्यांचा फरक आपण शेतात तरी धरतो का?

याशिवाय रक्त देण्याआधीच्या काही गोष्टी विचारून घ्या. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल, लघवी अडून नळी घालावी लागली असेल, तर ग्रंथी जागेवर असलेल्या माणसाचा पीएसए वाढतो. संबंधानंतर दोन दिवस आणि सायकलवर लांबचा प्रवास केल्यानंतरही तो थोडा चढू शकतो. याच्या उलट, लघवी मोकळी व्हावी म्हणून देतात त्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या पीएसए जवळजवळ निम्मा करतात. मधेच सुरू केल्या किंवा बंद केल्या तर आकड्यांची रांग मोडते. केस आणि नखांसाठी ज्या बायोटिनच्या गोळ्या हल्ली सर्रास घेतल्या जातात, त्या काही यंत्रांवर पीएसए खोटाच कमी दाखवतात. त्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेला अवश्य सांगा. आणि कोणत्याही केंद्रातल्या मुलाने अहवाल हातात देताना त्याचा अर्थ सांगू नये. तो त्याचा अधिकार नाही. ज्या मुलाने अण्णांना ते वाक्य ऐकवले त्याला बहुधा त्याचे वजन कळले नसावे, पण आमच्या व्यवसायातील माणूस म्हणून मला त्याचे वाईट वाटले.


मांजराकाठ (अंबाजोगाई)
२६ जानेवारी २०२५

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सिंदफणा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि पद्धतीच्या ओळी खरोखरच वेगळ्या निघाल्या. अण्णांना खोदून विचारल्यावर आणखी एक गोष्ट कळली: डिसेंबरच्या शेवटी त्यांना लघवीला जळजळ होत होती आणि त्यांनी गावातील डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या, मात्र हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही. टेस्टोस्टेरॉन आजवर एकदाही तपासलेले नाही.

गुरुजींनी सांगितलेला आलेख काल रात्री काढला. १८.४ चा ठिपका कागदावर बसवायचा तर पुढचे सगळे ठिपके तळाशी चिकटतात, म्हणून उपचारानंतरचा दुसरा आलेख वेगळा काढला आणि त्यात २.१० वर लाल रेघ ओढली. अण्णा बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून पाहत होते. मग त्यांनी विचारले, “इथवर गेलं तरच?” मी हो म्हणालो. डॉक्टरसाहेब, हे उत्तर बरोबर आहे ना?


दुधना (जालना)
२७ जानेवारी २०२५

दादा, तुमच्या या शेवटच्या प्रश्नामुळे मी लिहायला बसले आहे. डॉक्टरसाहेब उत्तर देतीलच, पण आमच्या घरी जे घडले ते आधी ऐका.

माझ्या यजमानांचे रेडिएशन २०१८ च्या सुरुवातीला झाले. त्यांचा नीचांक जानेवारी २०१९ मध्ये ०.८ होता. जुलैमध्ये १.२ झाला आणि जानेवारी २०२० मध्ये १.९. प्रत्येक अहवालावर उजव्या बाजूला ‘सामान्य: ० ते ४’ असे छापलेले असे. आम्ही ज्यांना तो दाखवला त्या आमच्या जवळच्या डॉक्टरांनी तिन्ही वेळा त्या छापील रकान्यावर टिचकी मारून सांगितले की चारच्या आत आहे, सगळे छान आहे. आम्ही पेढे वाटावेत इतके निश्चिंत झालो. ज्या रुग्णालयात रेडिएशन झाले तिथे दाखवायला मार्चअखेरीस जायचे होते. २२ मार्चपासून रेल्वे थांबली, दोन दिवसांनी टाळेबंदी लागली. नंतर गाड्या सुरू झाल्या तरी आम्ही गेलो नाही. यांना काहीच त्रास नव्हता, दुकान पुन्हा उभे करायचे होते, थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते. मार्च २०२२ मध्ये कंबर दुखू लागली म्हणून रक्त तपासले, तेव्हा पीएसए ९.४ निघाला.

पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेटच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन) ओटीपोटातील गाठींमध्ये आणि कमरेच्या हाडात एका जागी आजार दिसला. तेव्हापासून हार्मोनचे इंजेक्शन आणि ॲबिराटेरोनच्या (पुरुषी हार्मोन रोखणाऱ्या) गोळ्या सुरू आहेत. मागच्या महिन्यात पीएसए ०.०६ होता, ते दुकानात बसतात, नातीला शाळेत सोडतात. मी तक्रार करत नाही. पण ते तीन आकडे, ०.८, १.२ आणि १.९, माझ्याकडे त्याच फाइलमध्ये होते आणि मी ते कधी एका ओळीत लिहून पाहिले नाहीत. पाहिले असते तर दहावी शिकलेल्या मलाही दिसले असते की ते एकाच दिशेने चालले आहेत. म्हणून लाल रेघेपर्यंत गेले तरच विचार करायचा, असे अण्णांना सांगू नका.


तेरणा (धाराशिव)
२७ जानेवारी २०२५

ताई, आपण हे लिहिलेत हे फार महत्त्वाचे केलेत. ‘० ते ४’ हा रकाना ज्यांच्यावर कोणताही उपचार झालेला नाही अशा पुरुषांसाठी असतो. रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याचा काहीही उपयोग नाही, तरीही तो प्रत्येक अहवालावर छापला जातो आणि त्याने आजवर अनेकांना खोटा दिलासा दिला आहे. घरातील प्रत्येकाने तो रकाना पेनाने खोडून त्या जागी आपल्या रुग्णाचा नीचांक लिहावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. या तपासणीचा इतिहासही हेच सांगतो: अमेरिकेत १९८६ मध्ये पीएसए तपासणीला पहिली परवानगी मिळाली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी; आजार शोधून काढण्यासाठी ती १९९४ मध्ये मिळाली. तिचे पहिले काम पाठपुरावा हेच होते.

मांजराकाठ, आपल्या प्रश्नाचे उत्तर ताईंच्या आकड्यांतच आहे. नीचांक अधिक २ ही आजार परतल्याचे निश्चित करणारी रेषा आहे, पण चालीकडे लक्ष द्यायला त्या रेषेची वाट पाहायची नसते. ताईंच्या यजमानांचा पीएसए ०.८ वरून १.९ व्हायला एक वर्ष लागले, म्हणजे तो साधारण दहा महिन्यांत दुप्पट होत होता. त्यांची रेषा २.८ ला येते आणि त्याच गतीने ती २०२० च्या पावसाळ्यातच ओलांडली गेली असावी. या दुप्पट होण्याच्या काळाला आम्ही फार महत्त्व देतो. तो जितका कमी तितका आजार आक्रमक. पाच-सात वर्षांनी हळूहळू वाढू लागलेला आणि दुप्पट व्हायला दीड-दोन वर्षे घेणारा पीएसए वयस्कर माणसात कधी नुसता पाहत राहता येतो. तर दीड वर्षाच्या आत रेषा ओलांडणारा किंवा बायोप्सीत वरच्या श्रेणीचा असलेला आजार लवकर हाताळावा लागतो. मात्र हा काळ काढायला एकाच प्रयोगशाळेचे निदान तीन आकडे, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले, हवेत. अण्णांचे ०.३४ आणि १.१२ हे दोन वेगळ्या यंत्रांचे, हार्मोन सावरण्याच्या काळातले आणि जंतुसंसर्गानंतरचे आकडे घेऊन तो हिशोब करायला गेलात तर साडेतीन महिने असे भयंकर उत्तर येईल आणि ते निरर्थक असेल.

रेषा खरोखर ओलांडली गेली तरी सर्व दारे बंद होत नाहीत, हेही अण्णांना सांगा. तेव्हा पीएसएमए पेट स्कॅन करून आजार कुठे आहे ते पाहतात. त्यात प्रोस्टेटच्या पेशींवरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी औषध देतात आणि जिथे त्या पेशी आहेत ती जागा उजळून दिसते. आजार फक्त ग्रंथीतच असेल तर निवडक रुग्णांवर पुन्हा स्थानिक उपचार करता येतात. इतरत्र असेल तर हार्मोन आणि नव्या गोळ्यांचे उपचार आहेत.


पूर्णाकाठ (परभणी)
२८ जानेवारी २०२५

काकांसाठी तपासणीचे वेळापत्रक कसे ठेवावे, आणि दर वेळी मुंबईला जाण्याचा खर्च कसा निभवावा?


गोदाकाठ (नांदेड)
२८ जानेवारी २०२५

पहिल्या वर्षात तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग तीन वर्षे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा, असे मला सांगितले होते. आकडा हलला तर दर तीन महिन्यांनी. रक्त परभणीलाच द्या आणि अहवाल घेऊन जा, त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी आणि ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही सवलत आहे: स्लीपर आणि एसी ३ टियरमध्ये रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयातून ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र भरून घ्यावे लागते. मी देवगिरी एक्सप्रेसने असाच जात आलो आहे. शिवाय बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्या भागाला जवळ आहेत. नियमित पाठपुरावा तिथे करता येईल का हे काकांच्या डॉक्टरांना विचारून पाहा.


मांजराकाठ (अंबाजोगाई)
१९ ऑक्टोबर २०२५

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, क्षमस्व. दर तीन महिन्यांनी लातूरच्या त्याच प्रयोगशाळेत तपासणी केली. एप्रिलमध्ये पीएसए ०.९६ आला आणि सोबत टेस्टोस्टेरॉन ३८० निघाले, म्हणजे ते पूर्ण सावरले आहे असे डॉक्टर म्हणाले. जुलैमध्ये पीएसए ०.७१ आणि या आठवड्यात ०.५८. तिन्ही ठिपके अण्णांनी स्वतः दिले. त्यांना चष्मा लावूनही बारीक चौकोन दिसत नाहीत, म्हणून ते पट्टी धरून मोजतात आणि ठिपका दिल्यावर खाली तारीख लिहितात. ताईंचे म्हणणेही मी त्यांना जसेच्या तसे वाचून दाखवले होते. तेव्हापासून तारीख जवळ आली की तेच मला फोन करतात. सोयाबीन पावसाने गेले, शेतात अजून वाफसा नाही, तरी या आठवड्यात ते ठरल्या दिवशी लातूरला आले.

एक नवी गोष्ट विचारायची आहे. गेल्या महिन्यापासून त्यांना शौचाच्या वेळी अधूनमधून ताजे रक्त दिसते. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीने आतून पाहून तुकडा काढायचे सुचवले आहे. हे पीएसएशी संबंधित आहे का, आणि करून घ्यावे का?


तेरणा (धाराशिव)
१९ ऑक्टोबर २०२५

पीएसएचे आकडे समाधानकारक आहेत. आता सहा महिन्यांचे अंतर ठेवता येईल का ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

रक्ताचा पीएसएशी थेट संबंध नाही. प्रोस्टेटच्या अगदी मागे गुदाशयाची पुढची भिंत असते आणि शेकाचा काही अंश तिच्यावरही पडतो. तिथल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून एक-दोन वर्षांनी असे रक्त येऊ शकते. तरीही ७२ वर्षांच्या माणसात आतड्याचा दुसरा आजार नाही ना हे दुर्बिणीने पाहणे योग्यच आहे. मात्र तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना प्रोस्टेटचे रेडिएशन झाल्याचे आधी स्पष्ट सांगा. शेक लागलेल्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढल्यास ती जखम नीट भरून न येण्याचा धोका असतो आणि क्वचित गुदाशय व मूत्रमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडते, जे दुरुस्त करणे अत्यंत कठीण असते. आपल्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या जागेची बायोप्सी होऊ देऊ नका.


मांजराकाठ (अंबाजोगाई)
२० ऑक्टोबर २०२५

आज सकाळीच रेडिएशनच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनीही हेच सांगितले आणि दुर्बिणीची तपासणी त्यांच्या ओळखीच्या तज्ज्ञांकडे पुढच्या गुरुवारी ठरवून दिली. ‘पुढच्या भिंतीचा तुकडा काढू नये, एप्रिल २०२३ मध्ये ६० ग्रे रेडिएशन झाले आहे’ हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर, आलेखाच्या वर, चिकटवले आहे. गुरुवारी काय निघते ते इथेच कळवतो.